गौताळ्यातली जिओकॅशिंग ट्रिप: पोरांना आवडली, पण डबे अभयारण्याच्या बाहेर काढा

संभाजीनगरचा एक ग्रुप कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात एका दिवसाची जिओकॅशिंग ट्रिप नेतो, तिचा हा रिव्ह्यू. ग्रुपचं नाव लिहीत नाही, पोरं मेहनती आहेत आणि ऐकून घेणारी वाटली. माणशी बाराशे रुपये, त्यात गाडी, नाष्टा, जेवण आणि गेटचं तिकीट सगळं आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जिओकॅशिंग म्हणजे एकानं डबा लपवायचा, त्या जागेचे जीपीएसचे आकडे (अक्षांश-रेखांश) द्यायचे, दुसऱ्यानं मोबाईल बघत बघत तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथं परत ठेवायचा. २ मे २००० ला अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगनमध्ये एक काळी बादली जमिनीत अर्धी पुरून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले, तिथून हे सुरू झालं.

आता चांगलं आधी सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. गाडी टायमावर आली, दोन्ही गाईड लेकरांशी फार प्रेमानं वागतात, जीपीएस कसं चालतं हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की माझी सातवीतली पोरगी घरी येऊन आजीला उपग्रह समजावून सांगत होती. जेवण तांड्यावरच्या एका घरी, बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, वर ताक, पैसे थेट त्या ताईंच्या हातात दिलेले मी बघितले. जेवणाला पाचपैकी पाच.

खटकलं ते डबे ठेवलेत तिथं. पहिला डबा रस्त्याच्या कडेला होता, ठीक. दुसरा पायवाट सोडून उतारावर दगडांच्या ढिगात, आणि तिसरा चक्क पाणवठ्याच्या वरच्या अंगाला. फेब्रुवारी संपत आलेला, गवत वाळलेलं, ओढे आटलेले, आणि आम्ही वीसेक माणसं त्या पाण्याच्या भोवती दगड उलथेपालथे करायलोय. मोबाईलचं जीपीएस दरीत पाच-दहा मीटर तरी इकडंतिकडं दाखवतं, म्हणजे तेवढ्या गोलातला प्रत्येक दगड कुणीतरी उचलणार, दर शनिवार-रविवारी नवी माणसं येऊन तोच दगड परत उचलणार, महिनाभरात तिथं पायवाट पडणार. शिवाय दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं, तिथं लेकरांना हात घालायला लावणं मला बिलकुल पटलं नाही. आणि डब्यात चॉकलेटं ठेवलेली! या खेळाच्या स्वतःच्या नियमातच खायची वस्तू ठेवायची नाही असं आहे, वास लागला की जनावर डबा फोडतं.

तेवढ्यात वनरक्षक आले. शांतपणे विचारलं, "काय हुडकायलेत ओ इथं?" गाईड म्हणाला, "साहेब, तिकीट काढलंय की आम्ही सगळ्यांचं." त्यावर ते म्हणाले, "तिकीट आत यायचं हाय, वस्तू ठिवून जायचं न्हाई." मग वाद वाढला. गाईडचं म्हणणं, आम्ही जाताना इतरांचा कचरा पण उचलून नेतो (नेतात, हे मी बघितलंय), एवढ्याशा डब्यानं काय बिघडतं. वनरक्षकांचं म्हणणं, आज तुमचा एक, उद्या दुसऱ्या ग्रुपचे दहा, मी कुठंकुठं बघू. मला वनरक्षकांचं पटलं, पूर्ण पटलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं अभयारण्यात नुसतं शिरायलाच परवानगी लागते, तिथं कायमची वस्तू लपवून तिचा पत्ता जगाला सांगायचा म्हणजे लेखी विचारायलाच पाहिजे ना.

हा वाद आपल्याकडंच आहे असं नाही. माझा भाचा अमेरिकेत सॅन दिएगोला असतो, त्याला हा नाद आहे, त्याच्याशी बोललो. तिकडं अँझा-बोरेगो म्हणून वाळवंटातलं मोठं राखीव पार्क आहे, जवळपास सहा लाख एकर, तिथंही डबेवाले आणि पार्कवाले यांच्यात याच्यावरून वाजलं. वरवर बघितलं तर ओसाड माळ, पण तिथं मोठ्या शिंगांची रानमेंढरं आहेत जी १९९८ पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहेत, आणि त्यांना निवांत पाणी पिता यावं म्हणून कोयोटी कॅन्यनचा भाग दरवर्षी १ जून ते ३० सप्टेंबर माणसांना बंद असतो. अमेरिकेतल्या वाळवंटात कितीतरी ठिकाणी मातीवर शेवाळ-दगडफुलाचा जिवंत पापुद्रा असतो, एक बूट पडला तर भरून यायला अनेक वर्षं जातात. आणि खेळाच्या नियमात दोन डब्यांमधी फक्त १६१ मीटर अंतर लागतं, म्हणजे मोकळ्या माळावर शेकडो डब्यांची रांग लागू शकते, लागलेली पण आहे. तिथल्या नॅशनल पार्कांत तर परवानगीशिवाय डबा ठेवताच येत नाही. गौताळा साधारण २६० चौरस किलोमीटर, अँझा-बोरेगोच्या नवव्या-दहाव्या हिश्शाचं, आणि तेवढ्यात बिबट्या, अस्वल, चिंकारा, नीलगाय सगळ्यांनी रहायचं. २०२१ मध्ये पार यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याकडून चालत वाघ इथं आला होता. त्याला पाणी कुठं प्यायचं होतं, आपल्या डब्याशेजारीच ना?

खेळ बंद करा असं मी म्हणत नाही, उलट लेकरांनी मोबाईलवर गेम खेळण्यापेक्षा हे हजार पटीनं बरं. पण डब्याशिवायही हा खेळ होतो. अर्थकॅश म्हणून प्रकार आहे, २००४ पासून, अमेरिकेतल्या भूशास्त्रज्ञांच्या संस्थेनं सुरू केलेला, त्यात काही लपवत नाहीत, जागेवर जाऊन दगड नीट बघायचा आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आपल्याकडं याला काय कमी आहे! पितळखोऱ्याची लेणी याच अभयारण्यात, दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि इतकी पडझड का झाली तर तिथला दगडच ठिसूळ. वेरूळ त्याच बेसाल्ट दगडात कोरलंय मग ते का टिकलं, हा प्रश्न पोरांना पितळखोऱ्याच्या पायऱ्यांवर उभं करून विचारा, दिवस पुरणार नाही. आणि डबेच ठेवायचे असतील तर कन्नडच्या आसपास शेतकऱ्याला विचारून बांधावर ठेवा, त्यालाही चार पैसे मिळतील.

पाचपैकी तीन स्टार. परत आल्यावर ग्रुपच्या दादांना हे सगळं फोनवर सांगितलं, त्यांनी चिडचिड न करता ऐकलं, पाणवठ्याजवळचा डबा दुसऱ्याच आठवड्यात काढला आणि मला रिकाम्या जागेचा फोटो पाठवला. उतारावरचा मात्र अजून तिथंच आहे, वनखात्याला पत्र दिलंय म्हणाले. बुकिंग करणार असाल तर त्या पत्राचं उत्तर आलं का ते आधी विचारा, आणि लेकरांना पायात बूट घालूनच न्या.