वायफाय कार्ड बदलायला गेले आणि मदरबोर्डाचे पैसे देऊन आले

तुमच्याकडे 2012-13च्या सुमाराचा थिंकपॅड (लेनोवोचा लॅपटॉप) असेल आणि वायफाय हळू चालतं म्हणून त्याचं कार्ड बदलायचा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी हे वाचा. माझे 8,500 रुपये गेले. पुढे भांडून 5,000 परत मिळाले. पण जे काम 600 रुपयांत होण्यासारखं होतं, त्यासाठी मी दोन महिने मनस्ताप सोसला.

लॅपटॉप माझ्या भावाचा. थिंकपॅड टी430, त्याने 2013 मध्ये बंगळुरूला नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून घेतलेला. नवीन घेतल्यावर हा त्याने मला दिला. एसएसडी आणि जास्तीची रॅम टाकल्यावर माझ्या कामाला तो आजही पुरून उरतो. मी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यातले दोन वर्ग ऑनलाइन असतात, संध्याकाळी सहा ते आठ. नेमक्या त्याच वेळी माझा आवाज तुटायचा. "मॅडम, तुम्ही हँग झालात" हे वाक्य मी रोज ऐकत होते.

फायबरवाला मुलगा आला. त्याने माझ्या मोबाइलवर वेग मोजला, 94 एमबीपीएस. त्याच टेबलावर लॅपटॉपवर मोजला, 11. म्हणाला, "ताई, राउटर चांगलाय, लाइन चांगलीय. तुमच्या लॅपटॉपला फाइव्ह जी दिसतच नाही. कार्ड बदलून घ्या." त्याचं निदान अगदी बरोबर होतं. राउटर दोन पट्ट्यांवर चालतो, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, 1, 6 आणि 11. आमच्या सोसायटीत संध्याकाळी तीस-पस्तीस राउटर त्या तिघांत दाटीवाटीने बसलेले असतात. माझ्या लॅपटॉपमधलं मूळ कार्ड फक्त 2.4 वर चालणारं, तेही एका अँटेनाचं. त्यामुळे संध्याकाळी त्याचा जीव गुदमरायचा.

फक्त त्या "फाइव्ह जी" शब्दाने घोटाळा झाला. 5 गिगाहर्ट्झच्या वायफायला आपल्याकडे सर्रास फाइव्ह जी म्हणतात आणि मोबाइलचं 5जी हे पूर्णपणे वेगळं प्रकरण आहे. मला तेव्हा फरक माहीत नव्हता. घराजवळच्या दुकानात जाऊन मी म्हटलं, "दादा, यात फाइव्ह जी कार्ड टाकायचंय." मला काय कळतं आणि काय नाही, हे त्याला त्या एका वाक्यात समजलं असावं.

"होईल की मॅडम. 5जीचं ओरिजिनल कार्ड येतं, 2,800. उद्या घेऊन जा." मी हजार रुपये जीपे केले आणि लॅपटॉप ठेवून आले. पावती मागितली तर त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तारीख लिहून दिली. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही, आत काय काय आहे याची नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. काळा स्क्रीन, त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ, सुरुवातीला 1802. पाठोपाठ फोन. "मॅडम, तुमचा मदरबोर्ड गेलाय. कार्ड टाकायला उघडला तर आधीच उडालेला होता. बघा ना, एरर आलाय." मी ओळ वाचली. त्यात नेटवर्क कार्ड असे शब्द होते, म्हणून विचारलं, की हा कार्डाचा एरर नाही का? तो म्हणाला, "नेटवर्कची चिप बोर्डातच असते, तीच शॉर्ट झालीय." माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती, वर्ग थांबवणं शक्य नव्हतं. त्याने बोर्डाचे 6,500 सांगितले. घासाघीस करून कार्डासकट सगळं 8,500 वर ठरलं. उरलेले 7,500 त्याने रोख मागितले, "जीएसटी वाचेल तुमचा" म्हणून. मी दिले. हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली: लॅपटॉप सर्व्हिस, 8,500. जुना बोर्ड मागितला तर म्हणाला, "तो एक्सचेंजमध्ये कंपनीला परत जातो." त्यानंतर संध्याकाळी एक व्हॉइस मेसेजही आला: "मॅडम, नवीन बोर्ड टाकलाय, टेन्शन घेऊ नका." तो मेसेज मी पुसला नाही, हे नशीब.

घरी आणल्यावर उजव्या बाजूच्या यूएसबीत नखाएवढा काळा तुकडा खोचलेला दिसला. फोन केला. "ते नव्या कार्डाचं अँटेना आहे, काढू नका." वेग खरंच वाढला होता, म्हणून मी विश्वास ठेवला. पण अर्ध्या तासाने तो तुकडा इतका तापायचा की बोट ठेववत नसे आणि जोडणी तुटायची. पुन्हा तेच, "मॅडम, तुम्ही हँग झालात."

दिवाळीत भाचा आला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने तो तुकडा काढला आणि वायफाय पूर्ण गायब झालं. "आत्या, हा बाहेरून लावायचा साधा यूएसबी वायफाय डोंगल आहे. अँटेना असं नसतं." मग लॅपटॉप उलटा केला, ज्या स्क्रूंशेजारी कीबोर्डचं चिन्ह असतं ते काढले आणि कीबोर्ड उचलला. वायफाय कार्डाची जागा रिकामी. राखाडी आणि काळी अशा दोन बारीक वायरी, खऱ्या अँटेनाकडे जाणाऱ्या, काळ्या टेपने एकत्र गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेल्या. नवीन कार्ड नव्हतंच, भावाचं मूळ कार्डही गेलं होतं.

मदरबोर्डाचं सत्य त्यानंतर पाच मिनिटांत कळलं. भाच्याने मशीन सुरू करताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम, उघडायला एफ1 दाबलं तर पासवर्ड मागितला. मला असा काही पासवर्ड असल्याचं माहीतच नव्हतं. भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मीच घातला होता, 2014 मध्ये. माझा कॉलेजचा रोल नंबर टाकून बघ." टाकला. उघडलं. थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड मदरबोर्डावरच्याच एका चिपमध्ये राहतो. बोर्ड बदलला असता, तर माझ्या भावाचा रोल नंबर नव्या बोर्डाला कुठून माहीत असणार? मी खुर्चीत बसले ती बराच वेळ उठले नाही. पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. मी प्रश्न विचारला होता, बरोबर प्रश्न विचारला होता आणि त्याने मला सरळ खोटं सांगून गप्प केलं होतं.

आता तो 1802. पूर्ण ओळ अशी असते: "अनऑथराइज्ड नेटवर्क कार्ड इज प्लग्ड इन, पॉवर ऑफ अँड रिमूव्ह द मिनी-पीसीआय नेटवर्क कार्ड." म्हणजे, परवानगी नसलेलं कार्ड लावलंय, मशीन बंद करा आणि ते काढा. त्या काळच्या थिंकपॅडच्या बायोसमध्ये चालणाऱ्या कार्डांची यादी कोरलेली असते, तिला व्हाइटलिस्ट म्हणतात. मशीन सुरू होताना बायोस कार्डाचे ओळखक्रमांक वाचतो. यादीत नसले तर तिथेच थांबतो, विंडोजपर्यंत जातच नाही. नुसतं मॉडेल जुळूनही भागत नाही, कारण लॅपटॉप कंपनीचा वेगळा उप-क्रमांकही तपासला जातो. तेच मॉडेल दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमधून काढलेलं असेल, तर तेही नाकारलं जाऊ शकतं. एचपीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांतही अशी यादी असते, तिथे 104 क्रमांकाचा संदेश येतो. यात काहीही जळलेलं नसतं. बोर्ड शाबूत असतो, म्हणूनच तर तो इतकं नीट वाक्य स्क्रीनवर लिहू शकतो.

दुकानदाराने चुकीचं कार्ड लावलं असेल, ती चूक मी समजू शकते. पण स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून, कार्ड काढून, मशीन चालू झालेलं पाहून त्याने मला फोन केला आणि बोर्ड गेल्याचं सांगितलं. ही चूक नव्हे.

भाच्याला घेऊन मी दुकानात गेले. आधी तो म्हणाला, कार्ड बसत नव्हतं म्हणून पर्यायी सोय केली. मग बोर्डाचं काय? "बोर्ड चिप लेव्हलला रिपेअर केला." मी व्हॉइस मेसेज लावला, नवीन बोर्ड टाकलाय म्हणणारा. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

ती पाटी पाहून मी एरवी गप्प बसले असते, पण आता नाही. घरी येऊन 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. पाटी लावल्याने कायदा बदलत नाही. पत्राला चिठ्ठी, जीपेची नोंद, 1802चा फोटो, रिकाम्या जागेचा फोटो जोडला. व्हॉइस मेसेजचा शब्दन् शब्द लिहिला आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाणार असल्याचं कळवलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. बाराव्या दिवशी 5,000 जमा झाले, सोबत "विषय संपवू" असा मेसेज. पुढची परीक्षा तोंडावर होती, मी संपवला. आज वाटतं, संपवायला नको होता.

कार्ड शेवटी पुण्यात तापकीर गल्लीत मिळालं, जुन्या लॅपटॉपचे सुटे भाग विकणाऱ्याकडे. इंटेल 6205, त्यावर लेनोवोचा भाग क्रमांक 60Y3253. हे टी430च्या यादीत आहे आणि दोन्ही पट्ट्यांवर चालतं. कार्ड 450, बसवायचे 150, पक्कं बिल. त्या काकांनी माझ्यासमोर वायरी लावल्या, मशीन सुरू केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव दाखवलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये कार्डाची माहिती उघडून 802.11 पुढची अक्षरंही दाखवली. तिथे नुसतं बी, जी, एन असेल तर कार्ड 2.4 पुरतंच समजायचं. ए किंवा एसी दिसलं तर 5 गिगाहर्ट्झ आहे. "वायफाय सहा बिहा यात टाकायच्या भानगडीत पडू नका, तुमच्या शंभर एमबीपीएसच्या प्लॅनला हे भरपूर झालं," असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. आता संध्याकाळी सातलाही 88-90 मिळतो.

जुना लॅपटॉप दुरुस्तीला देताना आता मी कीबोर्डखालच्या भागाचे, कार्डाच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवते आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागते, मोडका असला तरी. जमेल तर समोर बसूनच काम करून घ्या, कार्ड बदलायला अर्धा तासही लागत नाही.

आणि तुमचा लॅपटॉप आत्ता कुठल्या दुकानात असेल, नवीन कार्ड लावल्यावर "मदरबोर्ड गेला" असा फोन आला असेल, तर पैसे देऊ नका. स्क्रीनचा पूर्ण फोटो मागवा आणि ओळ शेवटपर्यंत वाचा. 1802 किंवा 104 असेल तर दुकानात जा, नवीन कार्ड तुमच्यासमोर काढायला लावा आणि मशीन सुरू करायला सांगा. सुरू झालं, तर तुमचं जुनं कार्ड मागून घ्या आणि लॅपटॉप उचलून घरी आणा.