पिलांच्या टाकीसाठी सिलिकॉनची हवेची नळी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

शाहूपुरीत माशांच्या टाक्यांचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून मी एअर पंपासाठी सिलिकॉनची नळी मीटरला ४० रुपये देऊन घेतली. त्याच दुकानात पीव्हीसीची मऊ, पारदर्शक नळी मीटरला १५ रुपयांना मिळते आणि बहुतेक ग्राहक तीच नेतात. ज्यांच्या घरी नुसते शोभेचे मासे नाहीत, तर अंडी आणि पिलेही वाढतात, त्यांनी जास्तीचे २५ रुपये का द्यावेत, हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

जुनी पीव्हीसीची नळी मी दीड वर्ष वापरली होती. नवी असताना बोटाला सहज गुंडाळता येणारी ती नळी काढताना पिवळट आणि ताठ झालेली दिसली; पंपाकडचे टोक वाकवताच त्याला चीर गेली. पीव्हीसी मुळात कडक असते. तिला मऊपणा येतो तो तिच्यात मिसळलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे, आणि त्यांत डीईएचपीसारखी थॅलेट वर्गातील रसायने फार वर्षांपासून वापरात आहेत. मऊ पीव्हीसीत त्यांचे प्रमाण वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत असू शकते. ती प्लॅस्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, म्हणून हळूहळू बाहेर झिरपतात. आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली की टाकीतले पाणी नळीत चढून तासन्‌तास तिथेच साचते आणि वीज आल्यावर पंप ते पुन्हा टाकीत ढकलतो, हे पिले वाढवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असेल.

माझ्याकडे झेब्रा मासे आहेत. या माशाच्या बहुतेक पिलांमध्ये, पुढे नर होणार असोत की मादी, आधी अपक्व अंडाशयासारखी ग्रंथी तयार होते. नंतर काही पिलांमध्ये ती विरत जाऊन तिच्या जागी वृषण घडते. हा बदल आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो आणि त्यात संप्रेरकांच्या तोलाला मोठे महत्त्व असते. थॅलेट नेमकी या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झेब्रा माशाच्या माद्यांना तीन आठवडे डीईएचपी मिसळलेल्या पाण्यात ठेवले होते. प्रमाण लिटरला ४० मायक्रोग्रॅम आणि त्याहूनही कमी होते. तरीही अंडी पक्व होण्याच्या क्रियेत अडथळा आला आणि भ्रूणांची संख्या लक्षणीय घटली. दुसऱ्या एका प्रयोगात नरांना डीईएचपी टोचल्यावर फलनाचे प्रमाण कमी झाले, आणि व्हिटेलोजेनिन या अंड्यातील बलकाच्या प्रथिनाची जनुकीय हालचाल त्यांच्या यकृतात वाढली. एरवी हे प्रथिन मादीचे यकृत बनवते. नरात त्याची चाहूल लागणे ही स्त्री-संप्रेरकासारख्या परिणामाची खूण मानली जाते. मात्र हा दुसरा परिणाम फार मोठ्या मात्रेत दिसला होता, हेही सांगितले पाहिजे.

माझ्या टाकीत यंदा पिले चांगली वाढली, पण त्याचे श्रेय मी नळीला देणार नाही, कारण खाद्य, तापमान आणि पाणी बदलण्याची वेळ यांतही मी याच काळात सुधारणा केली. मी नळी बदलली ती टाळता येण्यासारखा धोका टाळण्यासाठी.

खरेदी करताना एक काळजी घ्यावी. यापूर्वी एका दुकानातून ‘सिलिकॉन’ म्हणून घेतलेली नळी घरी आल्यावर पीव्हीसीची निघाली होती. तेव्हापासून मी नळीचा नखाएवढा तुकडा मोकळ्या हवेत, चिमट्यात धरून जाळून पाहतो. पीव्हीसी काळा, झोंबणारा धूर सोडते आणि मागे काळा कोळसा उरतो. सिलिकॉनची मात्र पांढरी, भुसभुशीत राख होते. तापवलेली तांब्याची तार पीव्हीसीला टेकवून पुन्हा ज्योतीत धरली, तर त्यातील क्लोरिनमुळे ज्योत हिरवी होते. शाहूपुरीच्या दुकानदारांनी तुकडा कापून देण्यास मुळीच कुरकुर केली नाही, उलट परीक्षा पाहायला स्वतः बाहेर आले. त्या तुकड्याची राख पांढरी झाली.

आठ महिन्यांत नळी ताठ झालेली नाही, पिवळीही पडलेली नाही. दोष दोन आहेत. तिच्यावर धूळ फार चिकटते, आणि ती इतकी लवचीक आहे की टाकीच्या कडेवर दुमडून हवा अडते. तिथे मी कडक प्लॅस्टिकचा कोपरा बसवला आहे. पंपाच्या तोंडावरून ती दोनदा निसटली, म्हणून घेताना आतला व्यास पंपाशी जुळवून पाहावा. तळातला गाळ काढण्याची माझी नळी अजून पीव्हीसीचीच आहे, कारण ती आठवड्यातून पाच मिनिटेच पाण्यात असते. पिलांच्या टाकीत रात्रंदिवस राहणाऱ्या नळीला मात्र मी पुन्हा मीटरला ४० रुपये देईन.