कचरा डेपोतला मिथेन: पहिला पैसा कुठे घालायचा?

घनकचऱ्याच्या फाइलवर ज्यांची सही लागते, त्या नगरसेवकांसाठी, मुख्याधिकाऱ्यांसाठी आणि आरोग्य विभागातल्या अधिकाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. नाशिक महापालिका असो की सिन्नर, येवला, इगतपुरीसारखी नगरपरिषद, डेपोतला मिथेन, म्हणजे कुजत्या कचऱ्यातून निघणारा वायू, कमी करायचा म्हटले की तीन रस्ते समोर येतात. बंद केलेल्या ढिगात विहिरी घेऊन, म्हणजे छिद्रांचे उभे पाइप घालून, गॅस ओढायचा. जुना ढीग उपसून चाळायचा, म्हणजे बायोमायनिंग करायचे. किंवा ओला कचरा ढिगापर्यंत जाऊच द्यायचा नाही. माझे मत आधीच सांगतो: पैसा एकाच कामापुरता असेल, तर तो तिसऱ्या रस्त्यावर घाला.

त्याचा हिशेब अवघड नाही. आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीने, देशांना जी आकडेमोडीची पद्धत घालून दिली आहे, तिच्यानुसार पाच मीटरपेक्षा खोल ढिगात एक टन खरकटे आणि भाजीपाला गेला, तर तो पूर्ण कुजेपर्यंत साधारण 40 किलो मिथेन सोडतो. ढीग पाच मीटरच्या आतला, उथळ असेल तर हवा आत शिरते आणि आकडा निम्म्यावर येतो. त्याच टनाचे उलथापालथ करत खत केले, तर मिथेन साधारण 4 किलो. म्हणजे दहापट फरक, आणि तोही कुठलेही आयात यंत्र न लावता. मिथेन हवेत जेमतेम 12 वर्षे टिकतो, पण पहिल्या 20 वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट उष्णता अडवतो. आज अडवलेल्या मिथेनचा फायदा आपल्याच हयातीत दिसतो, म्हणून मला हा विषय इतका तातडीचा वाटतो.

आता गॅसच्या विहिरी. कागदावर हा पर्याय सगळ्यांत आकर्षक दिसतो, कारण त्यात वीज आहे आणि कार्बन क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या उत्सर्जनाचा विकता येणारा दाखला, आहे. अडचण वेळेची आहे. उष्ण आणि ओल्या हवामानात अन्नकचऱ्याचा निम्मा भाग साधारण दोन वर्षांत कुजतो, उष्ण पण कोरड्या भागात त्याला आठ वर्षे लागतात. नाशिकचा पाऊस पाहता आपण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहोत, पण आपल्या ओल्या कचऱ्यात मुळातच पाणी भरपूर असते. विहिरी घ्यायच्या तर ढिगाचा तो भाग भरून, बंद करून, वरून झाकावा लागतो. तोवर खरकट्याचा गॅस निघून गेलेला असतो. अमेरिकेत तर बहुतेक मोठ्या डेपोंवर गॅस गोळा करण्याची यंत्रणा आहे, तरी तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, 2023 मध्ये मांडलेला अंदाज असा की गाडलेल्या अन्नकचऱ्यातून तयार होणाऱ्या मिथेनपैकी 61 टक्के हातातून निसटतो. शिस्तीने थर घालणाऱ्या देशाची ही गत असेल, तर आपल्या मिश्र, लिचेटने, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याने, भरलेल्या ढिगात काय होईल याचा अंदाज बांधता येतो. विहिरीत लिचेट साचले की गॅसची वाट बुजते, आणि मग पंप लावून आधी पाणी काढत बसावे लागते.

तरीही विहिरींना जागा आहे. ढीग मोठा आहे, खोल आहे, गेल्या काही वर्षांतच बंद झाला आहे आणि त्यावर नीट आच्छादन घालायचेच आहे, अशा ठिकाणी त्या जरूर घ्याव्यात. मुंबईत गोराईचा डेपो बंद करताना असेच केले. मात्र विजेच्या उत्पन्नावर सगळा हिशेब उभा करू नका. कार्बन क्रेडिटच्या अनेक प्रकल्पांत मॉडेलने सांगितला त्यापेक्षा कमी गॅस हाती आला आहे. वीज नाही झाली आणि गॅस नुसता फ्लेअरमध्ये, म्हणजे गॅस जाळण्याच्या चिमणीत, जाळला, तरी हवामानाच्या दृष्टीने मुख्य काम झालेले असते. प्रस्ताव देणारा फ्लेअरबद्दल अवाक्षर काढत नसेल, तर त्याला तिथेच थांबवून विचारा.

बायोमायनिंगबद्दल थोडक्यात. जागा मोकळी होते, आगीचा धोका कमी होतो, लिचेटचा उगम संपतो. ही तिन्ही कारणे भक्कम आहेत आणि त्यासाठी ते करावे. पण पंधरा-वीस वर्षांच्या ढिगातले अन्न केव्हाच कुजून गेलेले असते. खाली उरतात माती, प्लास्टिक आणि चिंध्या. त्यामुळे ‘एवढे टन जुना कचरा उपसला म्हणजे एवढा मिथेन वाचला’ असा दावा कुणी केला, तर ढिगाचे वय विचारा. पावसाळ्यात हे काम धरू नका, ओला माल ट्रॉमेलच्या, म्हणजे फिरत्या चाळणीच्या, जाळीला चिकटून बसतो.

जुना ढीग लगेच उपसताही येत नाही आणि विहिरींइतका मोठाही नाही, अशा मधल्या गावांसाठी एक पर्याय क्वचितच कुणी सुचवतो. तो म्हणजे खताचे आच्छादन. मातीत मिथेन खाऊन जगणारे जिवाणू असतात. खाली खडीचा किंवा फुटक्या विटांचा थर, वर साधारण मीटरभर पक्के खत, एवढे केले की वर येणारा गॅस त्या थरातून पसरत जातो आणि त्याचा काही भाग जिवाणू संपवतात. झाकलेल्या, नीट सांभाळलेल्या डेपोला आयपीसीसी यासाठी 10 टक्क्यांची सूट धरते, उघड्या ढिगाला शून्य. खत मात्र पूर्ण मुरलेले हवे, अर्धकच्चे खत स्वतःच मिथेन सोडते. आपल्याकडच्या खत प्रकल्पांत चाळणीवर उरणारा जाडाभरडा माल शेतकरी घेत नाहीत. त्यातले प्लास्टिक आणि काच वेचून काढली की या कामाला तो चांगला, कारण त्यात हवा खेळते.

मग ओला कचरा अडवायचा कसा? इथेही दोन वाटा आहेत, खत आणि बायोगॅस. नाशिकला दोन्हींचा अनुभव आहे. पाथर्डीचा खत प्रकल्प जुना. विल्होळीला 2017 मध्ये जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी सहकार्य संस्थेच्या मदतीने वेस्ट टू एनर्जी प्रकल्प उभा राहिला, त्यात हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र पचवून वीज करायची योजना होती. रोजची क्षमता 30 टन. बायोगॅसमध्ये ऊर्जा मिळते, पण गळती साधारण पाच टक्के धरली जाते आणि पोटात जाणारा माल रोज एकसारखा लागतो. प्लास्टिकची पिशवी, चमचे, नारळाच्या करवंट्या गेल्या की पंप अडतो. म्हणून बायोगॅसला पंचवटीतल्या बाजार समितीचा पाला, हॉटेलांचे खरकटे, गंगापूर रोडच्या लॉन्सवरचे लग्नाचे उरलेले जेवण असा ठरावीक ठिकाणचा माल द्यावा. घराघरांतून येणाऱ्या ओल्या कचऱ्याला खतच बरे, थोडी भेसळ ते सहन करते.

खताच्या ढिगावर उभे राहिले की तो बरा चालला आहे की बिघडला, हे लगेच कळते. कडेने हात-दीड हात आत थर्मामीटर खुपसा. 55-60 अंश आणि वास ओल्या मातीचा असेल तर ठीक. फावडे मारल्यावर आतून काळपट, चिकट माल निघाला आणि आंबूस-कुजका वास आला, तर त्या ढिगात हवा संपली आहे आणि तिथे खत होण्याऐवजी मिथेन होतो आहे. पावसात उघडे पडलेले ढीग हमखास असे होतात. 2027च्या सिंहस्थातली मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. अन्नछत्रांचा ओला कचरा ऐन पावसात वाढणार, म्हणून खताच्या जागेवर छप्पर असणे ही पहिली गरज आहे. ते आधी बांधा, जास्तीच्या गाड्या नंतर घ्या.

घंटागाडीच्या करारातही एक गोष्ट तपासा. ठेकेदाराला काट्यावरच्या वजनावर पैसे मिळत असतील, तर मिश्र कचरा आणण्यात त्याचे काहीच जात नाही. ओला-सुका वेगळा आणलेल्या टनाला वेगळा, चढा दर ठेवल्याशिवाय हे बदलणार नाही.

मोजायचे कशाने?

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि कायद्यातला आकडा तो वाढवतो. 2016च्या घनकचरा नियमांत डेपोवर मिथेनचे प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेत ज्या प्रमाणापासून वायू पेट घेऊ शकतो त्याच्या) 25 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे म्हटले होते. मिथेनसाठी ही खालची मर्यादा हवेच्या 5 टक्के, म्हणजे 50,000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 50,000 भाग). तिचे 25 टक्के म्हणजे 12,500 पीपीएम. हा स्फोट टाळण्याचा निकष आहे. अमेरिकेत मोठ्या डेपोंच्या पृष्ठभागावर नेहमीच्या हवेपेक्षा 500 पीपीएम जास्त आढळले की दुरुस्ती करावी लागते. ‘आमचा डेपो नियमात बसतो’ या वाक्यावरून मिथेन कमी आहे असे समजू नका.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वापरतात तसला गॅस डिटेक्टर हा स्फोटमर्यादेच्या टक्क्यांत वाचन देतो. त्याचा एक टक्का म्हणजेच 500 पीपीएम. बंद खड्ड्यात किंवा गटारात उतरण्याआधी तो हवाच, पण पृष्ठभागावरची गळती शोधायला तो फार ठोकळ आहे. स्वस्त सेन्सर तर दमट हवेने आणि इतर वायूंनीही फसतात. लेझरवर चालणारा किंवा ज्वाला-आयनीकरणाचा मीटर महाग पडतो, पण भाड्याने किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाबरोबर मिळून घेता येतो. तो घेऊन 30 मीटरच्या अंतराने नागमोडी वाटेने चालायचे, टोक जमिनीपासून पाच-दहा सेंटिमीटरवर धरायचे. गॅस सगळीकडून सारखा येत नाही. उताराच्या कडा, मातीला पडलेल्या भेगा, पाइपाभोवतीची जागा, लिचेट जिथे बुडबुडत बाहेर येते ती ओल, इथेच आकडा उडी मारतो. अशी भेग सापडली की माती दाबून ती त्याच आठवड्यात बुजवता येते.

ही चाल ‘कुठून’ ते सांगते, ‘किती’ ते सांगत नाही. ‘किती’साठी उपग्रहाकडे बघण्याची ओढ असते. ट्रोपोमी या उपग्रहावरच्या उपकरणाचा एक ठिपका साडेपाच बाय सात किलोमीटरचा, त्यात नाशिकचा अख्खा सिडको भाग आणि आणखी बरेच काही मावेल. जीएचजीसॅट किंवा टॅनेजर-1 या उपग्रहांना एकेक डेपो वेगळा दिसतो, आणि कार्बन मॅपर या संस्थेचे नकाशे कुणालाही उघडून पाहता येतात. ते जरूर पाहा. पण त्यांना तासाला सुमारे शंभर किलोच्या खालची गळती सहसा दिसत नाही, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्यावर ढग असतात. नकाशावर डाग नाही म्हणून डेपो स्वच्छ, असा अर्थ लावता येत नाही. मध्यम शहराने यावर पैसे खर्च करू नयेत. ‘किती’चा हिशेब आयपीसीसीच्या पद्धतीनेच करा. त्यासाठी लागतो तो काट्यावरचा ओल्या कचऱ्याचा खरा आकडा आणि वर्षातून दोनदा ताडपत्रीवर ओतून, हाताने वेगळे करून केलेली कचऱ्याची तपासणी.

पृष्ठभागाची चाल मात्र सोडू नका. एक फेरी मे महिन्यात, एक दिवाळीनंतर भेगा पडू लागल्यावर. हवेचा दाब उतरत असताना गॅस जास्त बाहेर येतो, म्हणून एकाच दिवसाच्या वाचनावर निष्कर्ष काढू नका, दोन-तीन दिवस फिरा आणि दाब लिहून ठेवा. वाट तीच ठेवा, मीटर तोच ठेवा, आणि ज्या ठेकेदाराचे बिल या आकड्यावर अवलंबून आहे त्याच्या माणसाच्या हातात तो देऊ नका.