देवगडचा कॉम्प्युटर रत्नागिरीतून गाठायचा: डकडीएनएस की स्वतःचा सर्व्हर?

ऑफिस रत्नागिरीत, एक कॉम्प्युटर देवगडच्या बागेत, दुसरा हर्णैच्या गोदामात. पावसात लाईट गेली-आली की तिथला राउटर नवा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) घेतो आणि काल लागणारं कनेक्शन आज लागत नाही. आयपी बदलला तरी तोच कॉम्प्युटर दाखवणारं कायमचं नाव तर हवंच. ते डकडीएनएससारख्या मोफत सेवेकडून घ्यायचं की स्वतःच्या डीएनएसवर (नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरवर) बाहेरून नव्या आयपीचे अपडेट घ्यायचे, एवढाच प्रश्न.

आधी राउटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो 100.64 ते 100.127 मधला असेल तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग नाव कितीही बरोबर असो, बाहेरून आत येता येणार नाही. तिथे सरळ टेलस्केल टाका; ते बाहेरून आत यायची वाट न लागता कॉम्प्युटर एकमेकांना जोडतं.

डकडीएनएसवर पाच नावं फुकट मिळतात. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीत) एक ओळ, दर पाच मिनिटांनी एक लिंक उघडायची; आयपीची जागा रिकामी सोडली तरी सेवा तो स्वतः ओळखते. मला खटकतं ते टोकन, म्हणजे त्या लिंकमधला गुप्त शब्द. ते अख्ख्या खात्याला एकच. देवगडचा कॉम्प्युटर चोरीला गेला की हर्णैचं नावही चोराच्या हातात.

स्वतःच्या सर्व्हरवर बाइंड हे डीएनएसचं सॉफ्टवेअर चालवलं तर प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी टीसिग की (अपडेटवर सही करायची गुप्त किल्ली) देता येते आणि त्या कीला फक्त त्याच नावापुरती मुभा. आयपी बघून परवानगी देऊ नका, बदलतो तोच. पण इथे मेहनत आहे. अपडेट पाठवणाऱ्या एनएसअपडेट या कमांडला राउटरबाहेरचा पत्ता आपणहून कळत नाही. माझ्या पहिल्या स्क्रिप्टने नावापुढे 192.168.1.7 हा राउटरच्या आतला पत्ता लिहून ठेवला होता. बाहेरच्या एखाद्या सेवेला विचारूनच पत्ता घ्यावा लागतो.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. टीसिगमध्ये दोन्हीकडच्या घड्याळांत साधारण 300 सेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नाही. रास्पबेरी पाय 4 या छोट्या कॉम्प्युटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. रात्रभर लाईट नसली की सकाळी तो जुनी वेळ धरून उठतो, आणि सर्व्हर ‘बॅडटाइम’ म्हणून अपडेट नाकारतो. घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ घेऊन) जुळल्यावरच स्क्रिप्ट चालू द्या.

एकदोन कॉम्प्युटर असतील तर मी डकडीएनएसच घेईन. चार ठिकाणी वेगवेगळी माणसं यंत्रं हाताळत असतील, तर वेगळ्या कीसाठी बाइंडचा त्रास मला मान्य आहे. नाव कुठलंही घ्या, रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट मात्र राउटरवर उघडा ठेवू नका. आत वायरगार्ड या व्हीपीएनमधूनच (सुरक्षित खासगी जोडणीतूनच) जा.