वायू मिसळण्याची उष्णता: बंद भांडं की वाहता कॅलरीमीटर?

आदर्श वायू (ज्यांचे रेणू एकमेकांना ओढत-ढकलत नाहीत असे कल्पित वायू) एकमेकांत मिसळले तर उष्णतेचा हिशोब शून्य. आपण मोजतो ते खऱ्या वायूंचं वेगळेपण, आणि ते चिमूटभर असतं. खोलीच्या तापमानाला, १ बार दाबाला नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड समसमान मिसळले तर मोलमागे जेमतेम काही ज्यूल शोषले जातात. यंत्र निवडताना हा आकडा समोर ठेवावा.

बंद भांड्याची पद्धत कागदावर देखणी आहे. दोन कप्पे, मध्ये व्हॉल्व्ह, दोन्हीकडे सारखाच दाब. वायू थोडका लागतो, प्रमाण दाब-आकारमानावरून थेट निघतं, फ्लो मीटरच्या कॅलिब्रेशनची कटकट नाही. माझं मन उडालं ते त्या व्हॉल्व्हमुळे. १ बारला लिटरभर वायू म्हणजे साधारण ०.०४ मोल, त्यामुळे हाती येणारी उष्णता ०.१ ज्यूलच्या आसपास. आणि ०.१ न्यूटन-मीटर इतक्या हलक्या पिळाने स्पिंडल (व्हॉल्व्हचा दांडा) एक फेरा फिरवला, तरी घर्षणातच ०.६ ज्यूल निघतात! दांड्याभोवतीचं गळती रोखणारं पॅकिंग कधी घट्ट, कधी सैल. वजा करायचं तरी किती? त्यात अरुंद भोकातून विसरण होईपर्यंत बेसलाइन (मोजणीची शून्यरेषा) सरकत राहते. दाब वाढवून सिग्नल मोठा करावा, तर विसरण आणखी मंदावतं. रीडिंग फसलं की पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा भरणं, पुन्हा तापमान स्थिरावण्याची वाट.

वाहता कॅलरीमीटर, म्हणजे दोन नळ्यांतून सतत येणारे वायू मिक्सरमध्ये मिसळून उष्णता मोजणारं यंत्र, तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही. मिक्सरमधून जाताना दाब घटतो आणि ज्यूल-थॉमसन परिणाम (दाब घटताच वायूचं तापमान बदलणं) आडवा येतो. कार्बन डायऑक्साइड बारमागे सुमारे १.१ अंश थंड होतो. म्हणजे नुसत्या ०.१ बारच्या घटीला मोलमागे ४ ज्यूल, जवळजवळ मोजायचं तेवढंच. पण ही चूक पकडता येते. दोन्ही नळ्यांतून आधीच मिसळलेला वायू सोडा: मिसळण्याची उष्णता नाही, उरतं ते फक्त दाबाचं. प्रवाह तोच ठेवला तर हा ब्लँक, म्हणजे वजा करायचा आकडा, निदान माझ्या अनुभवात, पुन्हा पुन्हा तोच येतो. शिवाय मिश्रण थंड होणारं असलं की हीटरने ती घट भरून काढायची आणि व्होल्ट-अँपिअर वाचायचे.

सिलिंडर मात्र भराभर रिकामे होतात. समस्थानिकांसारखा महागडा, मोजकाच वायू असेल तर बंद भांडंच बरं पडेल कदाचित. एरवी मी वाहताच घेईन, आणि मिक्सरच्या दोन्ही बाजूंना दाब मोजायच्या नळ्या आधीच काढून ठेवेन.