गोल्फला टीटीचे ब्रेक: चौदा महिन्यांनंतर

गाडी चौथ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ, १.८ टर्बो. पुढे २८८ मिमीच्या डिस्क. घाट उतरताना अर्ध्या वाटेत पेडल मऊ पडायचं आणि करपट वास यायचा. मोठ्या कॅलिपरचा (पिस्टनने ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तयार किट खिशाला झेपणारा नव्हता. पण त्याच प्लॅटफॉर्मवरच्या पहिल्या ऑडी टीटीला ३१२ मिमीच्या डिस्क असतात आणि कॅलिपर माझ्यासारखाच, ५४ मिमी पिस्टनचा. म्हणजे लागणार कॅलिपर जागेवर धरणारे ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड, एवढंच. ब्रॅकेट भंगारातले घेतले, डिस्क आणि पॅड नवे.

एक गोष्ट आधीच सांगतो. एकदाच करकचून ब्रेक मारला तर गाडी पूर्वीपेक्षा कमी अंतरात थांबत नाही. चाक लॉक करण्याइतका जोर जुन्या ब्रेकलाही होता. त्यापुढे सगळं टायरच्या पकडीवर. फरक पडतो तो उष्णतेत. १०० किमी वेगातली गाडी थांबवताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्या जवळपास १५ पट ६०० मीटर उंची उतरताना जिरवावी लागते. काही वाटा इंजिन आणि हवा उचलतात, उरलेला डिस्कवर येतो. मोठ्या डिस्कमध्ये लोखंड जास्त, त्यामुळे ती सावकाश तापते. चौदा महिन्यांत त्याच घाटात पेडल एकदाही मऊ पडलेलं नाही. याचं थोडं श्रेय नव्या ब्रेक ऑइललाही द्यायला हवं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल कोरडं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. माझं जुनं ऑइल चहासारखं काळपट झालं होतं. बजेट अगदीच तोकडं असेल तर आधी ऑइल बदला आणि मग ठरवा.

पिस्टन तोच राहिल्यामुळे मास्टर सिलिंडरला (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा भाग) हात लावावा लागला नाही आणि पेडलचा प्रवासही बदलला नाही. मला हा उपाय पटला तो यासाठीच. पुढचा जोर ढोबळमानाने १० टक्के वाढतो, तो फक्त डिस्कच्या त्रिज्येमुळे.

त्रासही झाला. विक्रेत्याने पहिल्यांदा पाठवलेल्या डिस्क ३१२ च्याच होत्या, पण ५×११२ च्या, म्हणजे ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच भोकं. माझा हब, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग, ५×१००. प्रत्येक भोक सहा मिमी बाहेर! त्यामुळे नुसत्या व्यासावर ऑर्डर देऊ नका. डिस्कच्या मागचा पातळ पत्राही तिला घासत होता, तो हाताने वाकवावा लागला.

महिन्याभराने ९० च्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरू लागलं. डिस्क वाकडी झाली असंच वाटलं. उतरवून पाहिलं तर हबच्या तोंडावर नखाने निघेल एवढा गंजाचा पापुद्रा, बसवताना राहून गेलेला. तारेच्या ब्रशने हब चकाचक केला, डिस्क पुन्हा बसवली आणि थरथर गेली. ब्रॅकेटवर पॅड सरकतात त्या खाचाही तशाच घासा, नाहीतर पॅड अडकतात.

१५ इंची स्टेपनी आता पुढे बसत नाही. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची. भर पावसात एकदा हा दुहेरी उद्योग केला आणि त्याच आठवड्यात १६ इंची जुनं चाक शोधून डिकीत टाकलं.