कोंबड्या मागे ठेवून गावाला जाताना : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वाईजवळच्या आमच्या घरामागे परसात दहा कोंबड्या होत्या : सहा ग्रामप्रिया (परसात पाळायची सुधारित जात), तीन गावरान आणि एक कोंबडा. चार दिवस सगळ्यांनी मिळून बाहेर जायचे म्हटले की कोंबड्यांचे कोण बघणार, यावरून घरात बोलाचाली होत आणि शेवटी कोणीतरी एक जण मागे राही. गेल्या ऑक्टोबरात आम्ही ही अडचण कायमची सोडवायचे ठरवले आणि तीन वस्तू घेतल्या. खुराड्याचे आपोआप उघडमीट होणारे दार, पायाने फळी दाबली की झाकण उघडणारा दहा किलोचा खाद्याचा डबा आणि तळाला निपल, म्हणजे चोच लावली की पाणी सोडणाऱ्या तोट्या, बसवलेली वीस लिटरची झाकणाची बादली. त्यानंतर दिवाळीत चार, जानेवारीत आठ आणि मे महिन्यात बारा दिवस आम्ही सगळे घराबाहेर राहिलो. तीन वस्तूंपैकी कोणती घ्यावी असे विचारणारे बरेच भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी दाराविषयी. मोटरवर वरखाली सरकणारी ॲल्युमिनियमची झडप, चार सेलवर चालणारी, आणि तिला दोन सोयी : उजेड कमी-जास्त झाला की चालणारी किंवा घड्याळाच्या वेळेवर चालणारी. कोंबड्या दिवेलागणीला आपणहून खुराड्यात शिरतात, त्यांना हाकावे लागत नाही. प्रश्न असतो तो त्या आत गेल्यावर दार लावण्याचा, कारण आमच्या मागे उसाचे फड आहेत आणि मुंगूस व रानमांजर दोन्ही तिथून येतात. पहाटे उठून दार उघडणे आणि संध्याकाळी जिथे असू तिथून घरी पळणे, ही दोन कामे या दाराने खरोखर संपवली. सुरुवातीला खालच्या खाचेत भाताचे तूस अडकून झडप बोटभर उघडी राहत असे. उंबऱ्याला दोन इंचांची पट्टी ठोकून तूस आतच अडवले, तेव्हापासून ती तक्रार राहिली नाही.

मात्र उजेडावर चालणाऱ्या सोयीने आमचे नुकसान केले, आणि ते आधी कोणी सांगितले असते तर टळले असते. मे महिन्यात आम्ही बाहेर असताना एका दुपारी साडेचारच्या सुमारास वळवाचे आभाळ आले आणि इतके अंधारले की दाराने रात्र झाली असे समजून झडप खाली सोडली. वारा-गारा सुरू झाल्यावर कोंबड्या खुराड्याकडे पळत नाहीत, त्या जवळच्या आडोशाला दबून बसतात. सात आत होत्या, तीन बाहेर राहिल्या. शेजारचे नाना सात वाजता ठरल्याप्रमाणे मोजायला आले तेव्हा त्यांना दोन कोंबड्या लिंबाच्या झाडावर भिजून बसलेल्या सापडल्या, आणि तिसरीची फक्त पिसे बांधाच्या कडेला, ओल्या मातीला चिकटलेली. ती आमची सर्वांत जुनी गावरान कोंबडी होती, जिच्याखाली आम्ही पहिल्यांदा एकवीस दिवस अंडी बसवली होती. त्या दिवसापासून दार घड्याळावर ठेवले आहे. आमच्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास, म्हणून दर पंधरा दिवसांनी वेळ पाहून मावळतीनंतर अर्ध्या तासाची वेळ लावते. हा थोडा खटाटोप आहे, पण ज्यांच्याकडे वळीव आणि मोसमी पाऊस दोन्ही पडतात त्यांनी उजेडाच्या सोयीवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाद्याचा डबा चांगला आहे. एका कोंबडीला दिवसाला साधारण शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य लागते, त्यामुळे दहा कोंबड्यांना एका भरणीत आठ दिवस सहज निघतात, आणि उंदीर-घुशींची नासधूस जवळजवळ थांबली. ग्रामप्रिया आठवड्याभरात फळीवर उभे राहायला शिकल्या. गावरान कोंबड्या वजनाने हलक्या, सव्वा किलोच्या आतबाहेर, त्यांच्या वजनाने फळी दबेना. झाकणाला लावलेले लोखंडी वजन अर्धे काढल्यावर त्यांचीही सोय झाली. म्हणून हा डबा आणल्याआणल्या घर सोडून जाऊ नये. निदान तीन आठवडे आपल्या डोळ्यांदेखत प्रत्येक कोंबडी त्यातून खाते आहे की नाही, हे पाहावे. पावसाळ्यात मी तो पूर्ण भरत नाही, कारण मक्याचा भरडा सर्द होऊन बुरशी धरतो आणि बुरशीचे खाद्य कोंबड्यांच्या यकृतावर जाते.

बादली थंडीत उत्तम, उन्हाळ्यात अपुरी. जानेवारीत दहा कोंबड्यांना दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पुरे. मे महिन्यात तोच खप दुपटीकडे जातो, आणि शिवाय प्लॅस्टिकच्या बादलीतले पाणी दुपारी कोमट झाले की कोंबड्या त्याला चोच लावत नाहीत. शेजारच्या काकूंनी स्वतःच्या विचाराने जांभळाच्या सावलीत एक मातीचे पसरट खापर मांडले आणि दुपारी त्यात माठातले पाणी ओतू लागल्या. बारा दिवसांत सगळ्या कोंबड्यांनी बादलीपेक्षा त्या खापरातले पाणी जास्त प्यायले असावे.

या तीन वस्तूंच्या भरवशावर दिवाळीत आम्ही कोणालाही काम न सांगता गेलो, ती आमची मोठी चूक होती. परत आलो तेव्हा कोंबड्या धडधाकट होत्या, खाद्य-पाणी उरले होते, पण अंडी घालण्याच्या खोक्यात अंड्यांचा ढीग साचला होता, त्यातली काही फुटली होती आणि दोन कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची खोड लागली होती. शिवाय साचलेल्या अंड्यांवर एक गावरान कोंबडी खुडूक बसलेली. ती खोड मोडायला पुढे महिनाभर दिवसातून तीनदा अंडी उचलावी लागली आणि खोक्याला गोणपाटाचा पडदा लावून आत अंधार करावा लागला. दार, डबा आणि बादली अंडी उचलत नाहीत, कोंबड्या मोजत नाहीत आणि कोणती कोंबडी मलूल आहे हे ओळखत नाहीत. या वस्तू घ्यायच्या त्या मागे सांभाळणाऱ्या माणसाचे कष्ट कमी व्हावेत म्हणून.

ते माणूस शोधताना आम्हाला एक संकोच होता. शेजारचे नाना आणि काकू दोघेही माळकरी आहेत. कोंबड्या सांभाळण्याच्या बदल्यात त्या दिवसांची अंडी घ्या, असा आमच्या भागात सर्रास होणारा व्यवहार त्यांच्याशी करता येणार नव्हता, आणि ज्या घरात अंडे शिजत नाही त्या घराला हे काम सांगावे का, हाच प्रश्न होता. मीच शेवटी धीर करून विचारले. काकू म्हणाल्या, "मुक्या जिवाला दाणापाणी करायला माळ आड येत न्हाई. अंडी तेवढी तुमच्या पडवीतच ठेवा." पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला. नानांनी मागितले ते कोंबडखत, त्यांच्या हळदीसाठी. खुराड्यातले तूस आणि विष्ठा खड्ड्यात कुजवून वर्षाकाठी जी दोन-तीन पोती निघतात ती आता त्यांच्या शेतात जातात, आणि अंडी पडवीतल्या टोपलीतून पलीकडच्या आळीतली माणसे घेऊन जातात.

जानेवारीत पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. "ताई, तुमची तुऱ्याची कोंबडी सकाळपासून दाण्यावर न्हाई. मान आखडून बसलीया." मी व्हिडिओवर पाहिले तर तिच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळीसुद्धा टणक आणि फुगलेली होती. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे काकूंनी थोडे तेल पाजून ती पिशवी हलक्या हाताने चोळली, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः तपासले. वाळल्या गवताचा गोळा अडकला होता. ती कोंबडी आज अंड्यावर आहे. डब्यात खाद्य होतेच आणि तिच्या पोटात मात्र काही जात नव्हते.

आता निघण्याआधी आम्ही काही गोष्टी नेमाने करतो. राणीखेतची, म्हणजे गावात जिला मानमोडी म्हणतात तिची लस द्यायची असेल तर निदान दोन आठवडे आधी देतो, कारण लशीनंतर एक-दोन दिवस कोंबड्या सुस्त असतात आणि शरीरात ताकद तयार व्हायलाही वेळ लागतो. त्याच सुमारास कोणतीही नवी कोंबडी कळपात सोडत नाही. काकूंना दोन दिवस आधी बोलावून त्यांच्याच हाताने दार एकदा उघडून-मिटवून घेतो. कोंबड्यांची संख्या, दाराच्या वेळा आणि डॉक्टरांचा फोन खुराड्याच्या फळीवर खडूने लिहिलेला असतो. संध्याकाळी मोजून झाले की नाना फक्त आकडा पाठवतात. मेच्या त्या संध्याकाळी त्यांनी "नऊ" असे पाठवले आणि लगेच फोन केला.

पुढच्या आठवड्यात नाना आणि काकू लोणंदला माउलींच्या पालखीत सामील होऊन पंढरपूरपर्यंत चालणार आहेत. त्यांची म्हैस सध्या आटलेली आहे, त्यामुळे धार काढायची नाही, दोन वेळा वैरण आणि पाणी बघायचे. नानांनी काल गोठ्यात नेऊन मला दावे सोडायला आणि बांधायला शिकवले, आणि म्हशीला माझा वास ओळखीचा व्हावा म्हणून आजपासून तिला सकाळची पेंढी मीच टाकते आहे.